नाम तुटलं की

‘नाम तुटलं, की असशील तिथे खाली बसायचं. उभं राहायचं नाही.’

अंबूआत्याचा हा आवाज मला भलत्याच ठिकाणी आठवला. मी एका यंत्राच्या पोटात उताणी पडले होते. डोक्याभोवती जाळीचा पिंजरा, कपाळावर पट्टा, कानांवर हेडफोन. डोळ्यांसमोर छोटासा आरसा होता आणि त्यात पायांकडचा पडदा दिसत होता. मंगळसूत्र, जोडवी, नाकातली चमकी असं सगळं अंगावरचं बाहेर माझ्या यजमानांच्या रुमालात बांधून ठेवलं होतं. यंत्र ठोकत होतं, थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं.

‘ताई, आता पडद्यावर एक अक्षर येईल,’ हेडफोनमधून तडवी बोलले. ते यंत्र चालवणारे तंत्रज्ञ. ‘त्या अक्षराचे शब्द मनात म्हणत राहा. ओठ हलवू नका. अधिकचं चिन्ह दिसलं की थांबायचं. मग मनात काहीच म्हणायचं नाही.’

पडद्यावर ‘क’ आला. कळशी, कापूर, कढई, कुलूप, कोयरी असं मी म्हणत गेले. अधिकचं चिन्ह आलं तशी थांबले. मग ‘प’ आला. पळी, पाट, पंचपात्र. पुन्हा चिन्ह, पुन्हा थांबले. मला वाटलं, फार चांगलं जमलं.

या सगळ्याचं कारण म्हणजे माझ्या फिट. पहिली आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. औषधं बदलली, वाढली, काही दिवस बरं जायचं, पुन्हा यायची. लग्न झालं, मुलगी झाली. एकदा पुऱ्या तळताना आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर घरात मला कुणी एकटं सोडेना. सात वर्षांच्या लेकीचा हात धरून जिना उतरायची परवानगी नव्हती. गुरुवारी औदुंबराला प्रदक्षिणा घालायचे तेव्हा सासरे पाराशी उभे राहायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यामुळे मलाही करता आली नाही.

डोक्याचे फोटो पूर्वी दोनदा काढले होते. दोन्ही वेळा काही दिसलं नव्हतं. मग कऱ्हाडच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याच्या एका रुग्णालयात पाठवलं. तिथे जास्त ताकदीचं यंत्र होतं. त्यात डाव्या कानाच्या आत, मेंदूच्या घडीत एक डाग दिसला. डाग म्हणण्यापेक्षा, दोन रंगांच्या मधली रेघ तिथे पुसट झाली होती. आमच्या डॉक्टर निंबाळकरबाई पेन्सिलीचं टोक त्यावर ठेवून म्हणाल्या, जन्मापासूनच असेल, पूर्वीच्या यंत्रांना दिसण्याइतकं मोठं नव्हतं.

त्याची खात्री करायला त्यांनी आणखी एक तपासणी केली. तिच्यात सुईतून साखरेसारखं औषध देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती साखर घेत नाही ते बघतात. त्यासाठी सकाळपासून उपाशी राहायचं होतं. बाईंनी मला बजावलं, उपाशी म्हणजे उपाशी, साबुदाण्याची खिचडीसुद्धा नाही. मागे एक आजोबा भरपूर खिचडी खाऊन आले होते आणि उपासच आहे म्हणून वाद घालत होते. त्या दिवशी नेमका माझा गुरुवार होता. मी निर्जळी करू का विचारलं. बाई म्हणाल्या, ‘पाणी प्या हो. देवाला चालेल, मला चालणार नाही.’

या दोन्ही नव्या तपासण्या एकाच जागी बोट दाखवत होत्या. ती जागा काढून टाकली तर फिट थांबायची शक्यता चांगली होती. अडचण एकच होती. बोलण्याची जागाही बहुतेकांची डावीकडेच असते, त्याच शेजारात. ती नेमकी कुठे आहे, हे कळल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते. चुकून तिला धक्का लागला तर शब्द जातील, असं त्यांनी आमच्यासमोर स्पष्ट सांगितलं. माणसं ओळखू येतील, पण नाव आठवणार नाही. बोलायचं असेल, पण येणार नाही.

मी विचारलं, पाठ असलेलं? स्तोत्रं वगैरे?

सर्जन म्हणाले, तेसुद्धा जाऊ शकतं.

म्हणून ही अक्षरांची तपासणी. माणूस शब्द आठवतो तेव्हा बोलण्याच्या जागेत रक्त जास्त धावतं. थांबला की कमी होतं. दोन्हींतला फरक काढला की ती जागा फोटोत उजळून दिसते.

दुसऱ्या दिवशी निंबाळकरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. राखाडी मेंदू होता, उजळलेलं काही नव्हतं.

‘फरकच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘शब्द म्हणताना जे आहे, तेच थांबल्यावरही आहे. शरयूताई, चिन्ह आल्यावर तुम्ही काय करत होता?’

‘काही नाही.’

‘काहीच नाही?’

‘काहीच नाही. तडवींनी सांगितलं तसंच.’

माझे यजमान शाळेत भूमिती शिकवतात. समोरच्याचं विधान अपुरं वाटलं की त्यांना राहवत नाही. ते हळूच म्हणाले, ‘डॉक्टर, हिचं नाम चालू असेल.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते तर असतंच. ते काही मी करत नाही.

खरंच मला तसं वाटत होतं. दहाव्या वर्षी आत्याने दत्ताचं नाम दिलं, तेव्हापासून ते मागे चालू असतं. भाजी चिरताना, हिशेब करताना, कुणाशी बोलतानासुद्धा दोन वाक्यांच्या मधे ते येऊन बसतं. घरातल्या फ्रीजचा आवाज जसा कुणी मुद्दाम ऐकत नाही, तसं. सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, गुरुवारी मीठ खायचं नाही, हे माझे नेम आहेत. नाम हा नेमसुद्धा नव्हता.

बाई हसल्या. म्हणाल्या, म्हणजे ती जागा तिकडे सारखी राबतेय, एक क्षण बसत नाही, तर आम्हाला फरक दिसणार कुठून? तपासणी पुन्हा करू. या वेळी नामही थांबवायचं.

‘थोडा वेळच,’ हे मला म्हणाले. ‘देव समजून घेईल.’

देवाचा प्रश्न नव्हता. पण तेव्हा मला ते सांगता आलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा त्या पिंजऱ्यात डोकं ठेवलं. अक्षर आलं, शब्द म्हटले, चिन्ह आलं. मी नाम अडवलं. ते बाजूने आलं. पुन्हा अडवलं. एकदाचं थांबलं. डोक्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्याबरोबर माझे तळहात गार पडले, छाती धडधडायला लागली. हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला आणि दाबतच राहिले.

तडवींनी मला बाहेर काढलं, पिंजरा उघडला, काय झालं म्हणून विचारलं. मी पलंगावरून उतरले आणि तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. फिट आली समजून नर्स धावल्या. एकीने मला कुशीवर वळवायला धरलं, तर मी तिला म्हटलं, ‘अहो, मी बरी आहे. पण बसू द्या.’

निंबाळकरबाई आल्या. माझ्यासमोर चक्क फरशीवर बसल्या.

‘काय झालं?’

‘नाम तुटलं.’

‘ते तर आपणच थांबवलं.’

‘हो. पण तुटलं की खाली बसायचं असतं.’

‘कुणी सांगितलं?’

‘आमच्या आत्यांनी. असशील तिथे बसायचं, उभं राहायचं नाही.’

मग त्यांनी विचारलं, एरवी नाम कधी तुटतं? मी सांगितलं, फिट यायच्या आधी. म्हणता म्हणता पुढचं अक्षर सापडत नाही. ओठांपर्यंत येतं आणि नसतंच. मी खाली बसते, आणि मग ती येते. म्हणून मी आजवर पडून डोकं फोडून घेतलेलं नाही. त्या पुऱ्यांच्या वेळी तेवढा वेळ मिळाला नाही, बसले पण झारा हातात राहिला, कढई कलंडली.

‘हे तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘फिटच्या आधी काय होतं, असं मी तीनदा विचारलं होतं.’

‘तुम्ही विचारलं, काही वास येतो का, काही दिसतं का, पोटात कालवतं का. तसं काही होत नाही.’

त्या मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, आधी शब्द जातात, याचा अर्थ ती जागा बोलण्याच्या जागेला लागून आहे. आता तर नकाशा पाहिजेच.

‘तुमच्या आत्यांनी तुमची फिट बघितली आणि हा उपाय सांगितला, असंच ना?’

‘नाही. मला फिट यायला लागायच्या आधीच. नाम दिलं तेव्हाच सांगितलं होतं.’

‘मग त्यांना कसं माहीत?’

हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नव्हता.

अंबूआत्या नृसिंहवाडीला राहायची. लग्न केलं नव्हतं. वाडीला दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांचा सोवळ्यातला स्वयंपाक ती करून द्यायची, त्यावर तिचं चालायचं. उरलेल्या वेळात कापसाच्या वाती. लहानपणी सुटीत मी तिच्याकडे असायचे. घाटाच्या वाटेवर, कधी पेढ्यांच्या दुकानासमोर, ती चालता चालता मधेच खाली बसायची. पदर सावरून, डोळे उघडे ठेवून, तशीच. येणारे-जाणारे थांबायचे. अंबूताईंची समाधी लागली, म्हणायचे. बायका लांबून नमस्कार करायच्या. एका बाईने तिच्या पायाशी खडीसाखर ठेवलेली मला आठवते. थोड्या वेळाने ती उठायची, इकडेतिकडे बघायची आणि मला विचारायची, ‘शरू, आपण कुठे निघालो होतो गं?’

मला वाटायचं, देवाजवळून आली म्हणून रस्ता विसरली.

त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यातून मी तिला फोन लावला. माझी खुशाली विचारून झाली. मग मी म्हटलं, ‘आत्या, तुझी समाधी लागायची ना, ती समाधी नव्हती.’



‘समाधी मी कधी म्हटलं?’ ती म्हणाली. ‘लोक म्हणाले.’

‘मग खरं का नाही सांगितलंस?’

‘आणि फेफरं येतं म्हटल्यावर सोवळ्यात कुणी उभं केलं असतं मला? चुलीपाशी जाऊ दिलं असतं? तुझंच बघ, जिनासुद्धा उतरू देत नाहीत.’

तीच पुढे बोलली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. तिला तेराव्या वर्षापासून होतं. नाम तुटतं आणि मग येतं, हे तिचं तिनेच ओळखलं होतं. वैद्याला दाखवलं नव्हतं, भावाला, म्हणजे माझ्या वडिलांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मला नाम दिलं त्या उन्हाळ्यात मी ताट वाढताना एकदा वाटी हातात धरून तशीच थांबले होते. बोलावलं तरी ओ दिली नव्हती. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

‘माझ्याजवळ होतं ते दिलं तुला,’ ती म्हणाली. ‘दुसरं काय देणार?’

मी तिला म्हटलं, आता हे फोटो निघतात, तुझंही बघू, डॉक्टर चांगल्या आहेत. ती म्हणाली, या वयात माझ्या डोक्यात कशाला बघायचं, आहे ते चाललंय. मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी ती म्हणाली, ‘आधी तुझं होऊ दे. आणि बरी झालीस की एकटी ये वाडीला. एस्टीने. बरोबर कुणी नको. तशी आलीस तर येईन मी तुझ्याबरोबर.’

‘नक्की?’

‘देवासमोर वाती वळत बसलेय. खोटं बोलेन का?’

पण माझं व्हायचं तर नकाशा हवा होता, आणि नकाशासाठी नाम थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी निंबाळकरबाईंनी वेगळ्या बाजूने विचारलं. फिट नाही, आणि नामही नाही, असा एखादा क्षण दिवसात कधी येतो का? कशात लक्ष गेलं की ते आपोआप थांबतं? पोथी वाचताना? लेक बोलत असताना? दोन्हींना मी नाही म्हटलं. पोथीच्या ओळींमधेही ते असतंच.

हे म्हणाले, ‘दूध तापवताना?’

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

‘दूध वर यायला लागलं की ही कुणाचं ऐकत नाही,’ हे म्हणाले. ‘मी हाक मारली तरी ओ देत नाही. नुसती बघत उभी असते.’

मी आठवून पाहिलं. साय आधी थरथरते, मग कडेने सुटते, मग मधून फुगत येते. तेव्हा हात गॅसच्या बटणावर असतो. तेव्हा खरोखर डोक्यात एक अक्षर नसतं.

‘दूध उतू जायला लागल्यावर खाली बसता का?’ बाईंनी विचारलं.

‘नाही. गॅस बंद करते.’

त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. मलाही हसू आलं. रुग्णालयात आल्यापासून पहिल्यांदाच.

तिसऱ्या वेळी पिंजऱ्यात डोकं ठेवलं तेव्हा तडवी म्हणाले, ‘ताई, अक्षर आलं की शब्द. चिन्ह आलं की दूध. पण गॅस बंद करायचा नाही हां, मी सांगेपर्यंत.’ कळशी, कापूर, कढई. मग साय. पळी, पाट, पंचपात्र. मग साय. दूध वर येत राहिलं, उतू गेलं नाही. तळहात गार पडले नाहीत.

या वेळी राखाडी मेंदूत एक केशरी ठिपका उजळला. पुसट रेघेच्या मागे, थोडा वर. दोन्हींच्या मधे जागा होती. फार नव्हती. सर्जन बराच वेळ तो फोटो फिरवून फिरवून बघत होते. मग म्हणाले, सुरी जाईल.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हा माझ्याजवळ नाम नव्हतं. शोधलं, सापडलं नाही. बसायचं तर मी आधीच आडवी होते. यांना ओळखलं, पण काय हाक मारायची ते कळेना. बाई रोज येऊन वस्तू दाखवायच्या. पेनाला मी वात म्हटलं, घड्याळाला ताट म्हटलं. त्या म्हणायच्या, सूज आहे, उतरेल. एका सकाळी खिडकीबाहेर कुणीतरी झाडत होतं. त्या खराट्याच्या लयीवर मला आतून दोन अक्षरं ऐकू आली. मग आणखी दोन. दुपारी मी यांना म्हटलं, ‘अहो, चहा घेतला का?’ ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने आत आले.

वर्ष गेलं. फिट आली नाही. औषधं तेवढी चालू राहिली. लेकीला घेऊन मी जिना उतरायला लागले. एका गुरुवारी सासरे पाराशी यायचे थांबले.

मग मी वाडीला निघाले. हे स्टँडपर्यंत सोडायला आले. सांगलीपर्यंत येऊ का, असं त्यांनी दोन वेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं. मी नको म्हटलं. बस हलली तरी ते हात खिशात घालून तिथेच उभे होते.

आत्या ओसरीवर वाती वळत बसली होती. मला पाहिल्यावर तिने माझ्या खांद्यावरून गल्लीच्या टोकाकडे नजर टाकली. थोडा वेळ तिकडेच बघत राहिली.

‘कोण आलंय बरोबर?’

‘कुणी नाही.’

‘बसायला जागा मिळाली का?’

‘सांगलीपर्यंत मिळाली. पुढे उभीच होते. गर्दी होती.’

तिचे हात थांबले. ‘उभी?’

‘हो.’

‘आणि नाम?’

‘शिरोळच्या अलीकडे तुटलं. शेजारी एक बाई तिच्या सुनेचं सांगत होती. ऐकत राहिले.’

‘मग?’

‘मग काही नाही. उभीच होते.’

आत्याने हातातली वात पूर्ण केली, बाकीच्यांच्या शेजारी ठेवली. आत गेली. मला भांड्यांचा आवाज आला, मग ट्रंकेचा. तिने मला पाणी दिलं, दहीपोहे दिले. मी खाल्ले, तोवर ती धुवट लुगडं नेसून, एक पिशवी घेऊन बाहेर आली. दाराला कुलूप लावलं. शेजारच्या काकूंना किल्ली द्यायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, अंबूताई, कुठे निघालात?

‘पुण्याला. डोक्याचा फोटो काढायला.’

‘का हो? काय झालं?’

‘मला फेफरं येतं,’ आत्या म्हणाली. ‘लहानपणापासून.’

काकू किल्ली हातात धरून तशाच राहिल्या. आत्या वळली आणि पायरी उतरली.

आम्ही स्टँडच्या वाटेला लागलो. दुकानांच्या रांगेतून जाताना दोघा-तिघांनी तिला नमस्कार केला, तिने मान लववली. पिशवी मी घेतली होती. ती माझ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे चालत होती आणि तिचे ओठ हलत होते. एक हात मोकळा ठेवून, मी तिच्या ओठांकडे बघत चालत राहिले.